मुरलेले पाणी आणि दाबलेले पाणी : भूकंपाच्या जोखमीचा अंदाज कसा बांधावा

माणसाने जमिनीच्या पोटात घातलेले पाणी भूकंप घडवू शकते, हे विधान गेल्या साठ वर्षांत शंकेच्या पायरीवरून मान्य ज्ञानाच्या पायरीवर आले असले, तरी कोणते पाणी, किती खोलीवर, किती दाबाने आणि कशा खडकात गेले असता किती मोठा धक्का बसण्याची किती शक्यता आहे, हे आगाऊ सांगण्याचे शास्त्र अजून घडते आहे. महाराष्ट्रात हा प्रश्न कोयनेच्या निमित्ताने पहिल्यांदा उभा राहिला आणि बराच काळ तो सातारा जिल्ह्यापुरताच मानला गेला. खान्देशात मात्र त्याची चर्चा होण्याचे कारण आता निर्माण झाले आहे. १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे महाराष्ट्र व मध्य प्रदेश या दोन राज्यांनी तापी खोरे महापुनर्भरण योजनेच्या सामंजस्य करारावर सह्या केल्या. या योजनेत ३१.१३ टीएमसी पाणी वापरले जाणार असून तापीचे पुराचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याने नेऊन जमिनीत मुरवणे हा तिचा गाभा आहे. त्या पायथ्याखालूनच भारतीय द्वीपकल्पातील एक मोठा भ्रंशपट्टा जातो.

भ्रंश म्हणजे खडकाला पडलेली अशी भेग, की जिच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकलेल्या असतात. शोण, नर्मदा आणि तापी या नद्यांच्या दऱ्या ज्या पूर्व-पश्चिम भ्रंशसमूहाला धरून आहेत, त्याला भूशास्त्रज्ञ सोनाटा पट्टा म्हणतात. १४ मार्च १९३८ चा सातपुडा भूकंप आणि २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप हे दोन्ही याच पट्ट्यातले. चोपडा तालुक्यात अडावदजवळच्या उनपदेवचे गरम पाण्याचे झरेही याच भेगांचे वरवरचे लक्षण मानले जातात. भारतीय मानक ब्युरोच्या २०१६ च्या संहितेत जळगाव आणि धुळे हे जिल्हे तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या भूकंपप्रवण क्षेत्रात घातले आहेत. अशा ठिकाणी पाणी मुरवण्याची मोठी योजना येत असेल तर भूकंपाची शंका कोणीतरी विचारणार, आणि ती हसण्यावारी नेणे जितके चुकीचे तितकेच तिचा बाऊ करणेही चुकीचे ठरेल.

शंकेला उत्तर देण्याआधी पाणी भूकंप कसा घडवते हे नीट समजून घ्यावे लागते, कारण सर्वसाधारण समजूत अशी असते की पाण्याच्या वजनाने जमीन खचते, आणि ही समजूत फार थोड्या अंशी खरी आहे. भ्रंशाच्या दोन बाजू सरकू पाहत असतात आणि त्यांना धरून ठेवते ते घर्षण. हे घर्षण त्या दोन बाजू एकमेकींवर किती जोराने दाबल्या गेल्या आहेत यावर अवलंबून असते. खडकाच्या छिद्रांत आणि भेगांत असलेले पाणी या दाबणुकीच्या विरुद्ध, आतून बाहेर, दाब देते; त्याला रंध्रदाब म्हणतात. रंध्रदाब वाढला की घर्षण तेवढे घटते आणि आधीच सरकण्याच्या बेतात असलेला भ्रंश सुटतो. मातीच्या बाबतीत हा विचार कार्ल टेर्झागी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडला होता, तर १९५९ मध्ये हबर्ट आणि रुबी यांनी तो मोठ्या भ्रंशांना लावून दाखवला. पाणी भ्रंशाला वंगण लावते असे जे सैलपणे म्हटले जाते, ते या यंत्रणेचे वर्णन नव्हे.

येथे दोन गोष्टी निर्णायक ठरतात. पहिली म्हणजे भ्रंश मुळात किती ताणलेला आहे. पृथ्वीच्या कवचातील पुष्कळ भ्रंश सरकण्याच्या अगदी काठावर असतात, म्हणून मेगापास्कलच्या दशांशाइतकी लहान दाबवाढही पुरे होते; शंभर मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सुमारे एक मेगापास्कल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण दहा किलो, एवढा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ही वाढ किती अल्प आहे याची कल्पना येते. दुसरी गोष्ट वेळेची. दाब खडकातून एकदम धावत नाही, तो झिरपत पसरतो, आणि अंतर चौपट झाले तर त्याला लागणारा वेळ साधारण सोळापट होतो. पाणी सोडल्यावर धक्के काही दिवसांनी, काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी येऊ शकतात, आणि पाणी सोडणे थांबवल्यावरही दाबाची लाट पुढे सरकतच राहते, याचे कारण हेच.

कोयनेचा इतिहास या दोन्ही गोष्टींचा जगातला सर्वांत सविस्तर दाखला आहे. १०३ मीटर उंचीच्या धरणामागे शिवसागर जलाशय १९६२ पासून भरू लागला आणि लगेचच परिसरात लहान हादरे जाणवू लागले. पुण्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रातील सु. कु. गुहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे भूकंपमापक बसवून नोंदी सुरू केल्या. जलाशय भरू लागल्यानंतर सुमारे साडेपाच वर्षांनी, ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ परिमाणाचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, सुमारे दोनशे माणसे दगावली आणि धरणालाही तडे गेले. जलाशयाने चेतवलेल्या भूकंपांत आजवर जगात सर्वांत मोठा म्हणून हाच नोंदवला जातो. १९८५ पासून शेजारचे वारणा धरण भरू लागले आणि १९९३ पासून धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेकडे वारणेच्या बाजूला सरकले. सुमारे वीस बाय तीस किलोमीटरच्या या पट्ट्यात ५ वा अधिक परिमाणाचे वीसहून अधिक आणि ४ वा अधिक परिमाणाचे सुमारे दोनशे भूकंप झाले असून हा क्रम अद्याप थांबलेला नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील हर्ष गुप्ता यांनी बी. के. रस्तोगी यांच्यासह १९७६ मध्ये धरणे आणि भूकंप या विषयावर जो ग्रंथ लिहिला, त्याचा पाया कोयनेच्या नोंदींचाच होता. धोका केवळ पाण्याच्या उंचीवर ठरत नाही. पाणी किती वेगाने चढले, उच्च पातळीवर किती काळ टिकले आणि पूर्वीची कमाल पातळी ओलांडली गेली का, हे सारे मिळून तो ठरतो, असे या अभ्यासांतून पुढे आले. त्याचबरोबर अशा भूकंपमालिकांची एक सांख्यिकी खूणही ओळखीची झाली. कोणत्याही प्रदेशात परिमाण एकाने कमी केले की भूकंपांची संख्या साधारण दहापट होते. या प्रमाणाला बी-मूल्य म्हणतात. पाण्याने चेतवलेल्या मालिकांत मुख्य धक्क्याआधीच्या लहान धक्क्यांचे बी-मूल्य त्या प्रदेशाच्या नेहमीच्या मूल्यापेक्षा जास्त असते, म्हणजे लहान धक्क्यांचा भरणा अधिक असतो. अंदाज बांधणाऱ्यांना हाताशी धरता येतील अशा थोड्या पुराव्यांपैकी हा एक आहे.

कोयनेने आणखी एक अडचण उघडी केली, आणि खान्देशाच्या दृष्टीने ती विशेष महत्त्वाची आहे. वर दिसणारा खडक बेसॉल्ट, पण भूकंप होतात ते त्याच्या खालच्या ग्रॅनाइटी खडकात, दोन ते दहा किलोमीटर खोलीवर. पृष्ठभागावरून त्या भ्रंशांचा काहीच थांग लागत नाही. म्हणून पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने तेथे खोल वेधनाचा कार्यक्रम हाती घेतला. रासाटीच्या छिद्रात बेसॉल्टचा थर सुमारे ९३० मीटरांवर संपला, तर गोठणे येथील पथदर्शी छिद्र २०१७ मध्ये तीन किलोमीटरपर्यंत गेले. कराडची भूविवर भूभौतिकी प्रयोगशाळा या कामासाठीच उभारली गेली. खडकातील मूळ ताण किती आणि कोणत्या दिशेने आहे हे अशा छिद्रांत प्रत्यक्ष मोजता येते, आणि ते माहीत नसताना मांडलेला कोणताही जोखमीचा आकडा अर्धाच समजावा.

जलाशयाचे पाणी आपल्या वजनाने झिरपते. पंपाने दाबलेल्या पाण्याचा इतिहास वेगळा, पण कोयनेला समांतर आहे. अमेरिकेत डेन्व्हरजवळ लष्करी रासायनिक कारखान्याचे सांडपाणी मार्च १९६२ पासून सुमारे ३,६७० मीटर खोल विहिरीत घातले जाऊ लागले आणि त्या परिसरात भूकंप सुरू झाले. डेव्हिड इव्हान्स या भूशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये पाण्याचे आकडे आणि धक्क्यांची संख्या शेजारी शेजारी मांडून दोहोंचा संबंध दाखवला, फेब्रुवारी १९६६ मध्ये पाणी घालणे बंद झाले, तरी त्या मालिकेतला सर्वांत मोठा धक्का ऑगस्ट १९६७ मध्ये, म्हणजे कोयनेच्या अवघे चार महिने आधी, बसला. त्यानंतर कोलोरॅडोतीलच रेंजली तेलक्षेत्रात शास्त्रज्ञांनी मुद्दाम प्रयोग केला. भ्रंश सुटण्यासाठी रंध्रदाब किती लागेल हे त्यांनी खडकाच्या मोजमापांवरून आधी ठरवले आणि दाब त्या मर्यादेवर नेला की भूकंप वाढतात, खाली आणला की थांबतात, हे दाखवून दिले. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेले हे काम या शास्त्रातील मोजक्या खऱ्याखुऱ्या नियंत्रित प्रात्यक्षिकांपैकी एक म्हणता येईल. नंतरचे बहुतेक ज्ञान अपघातांतून मिळालेले आहे.

त्या अपघातांपैकी दोन अंदाजाच्या पद्धतीवर थेट भाष्य करतात. स्वित्झर्लंडच्या बाझल शहराखाली भूऔष्णिक ऊर्जेसाठी पाच किलोमीटर खोल छिद्रात डिसेंबर २००६ मध्ये सुमारे साडेअकरा हजार घनमीटर पाणी दाबले गेले. तोंडाशी दाब सुमारे ३० मेगापास्कलपर्यंत चढला होता. वाहतुकीच्या दिव्यांप्रमाणे हिरवा, पिवळा, लाल असे टप्पे ठरवून, धक्का विशिष्ट परिमाणाचा झाला की पंप थांबवायचा, अशी पद्धत तेथे होती आणि ती पाळलीही गेली. पण पंप थांबल्यावर काही तासांनी ३.४ परिमाणाचा धक्का बसला, शहरात घरांना भेगा गेल्या आणि प्रकल्प अखेर गुंडाळावा लागला. दक्षिण कोरियात पोहांग येथे १५ नोव्हेंबर २०१७ रोजी ५.५ परिमाणाचा भूकंप झाला, तोही शेवटच्या पाण्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी. सरकारी चौकशीने मार्च २०१९ मध्ये त्याचा संबंध भूऔष्णिक प्रकल्पाशी जोडला.

पोहांगचे महत्त्व असे, की त्याने एक सोपे आणि म्हणूनच लोकप्रिय झालेले सूत्र मोडून काढले. आर्थर मॅकगार यांनी २०१४ मध्ये असे मांडले होते, की संभाव्य कमाल भूकंपाचे आघूर्ण, म्हणजे भ्रंशाच्या सरकण्याची एकूण मोजदाद, ही जमिनीत गेलेल्या पाण्याचे घनफळ आणि खडकाची ताठरता यांच्या गुणाकाराएवढी असते. खडकाची ताठरता तीन हजार कोटी पास्कल धरली तर दहा हजार घनमीटर पाण्याला कमाल परिमाण सुमारे ३.६ निघते आणि एक कोटी घनमीटरला सुमारे ५.६, पाणी हजारपट झाले की परिमाण दोनाने चढते. पोहांगमध्ये खडकात प्रत्यक्ष राहिलेले पाणी सहा हजार घनमीटरांच्या आत होते आणि सूत्राप्रमाणे साडेतीनच्या वर धक्का यायला नको होता. आला तो ५.५ चा, म्हणजे आघूर्णाच्या हिशेबाने सुमारे हजारपट मोठा. पाणी कमी होते, पण ते पोहोचले अशा मोठ्या भ्रंशावर, की जो आधीच ताणलेला होता. सूत्राने जे मोजले होते ते पाणी. पोहांगला महत्त्वाचा ठरला तो भ्रंश.

हेच सूत्र तापी खोऱ्याला लावून पाहिले तर त्याची दुसरी बाजू उघडी पडते. ३१.१३ टीएमसी म्हणजे सुमारे ८८ कोटी घनमीटर. हे सगळेच पाणी मुरवले जाईल असे घटकाभर धरले (प्रत्यक्षात त्यातले काही थेट सिंचनाला जाणार आहे), तर सूत्र कमाल परिमाण ६.९ सांगते, आणि एखाद्या वर्तमानपत्राने तेवढाच आकडा छापला तर रावेर-यावल तालुक्यांत घबराट उडायला वेळ लागणार नाही. हा आकडा मात्र निरर्थक आहे. सूत्र आहे ते बंदिस्त, खोल खडकात पंपाने कोंबलेल्या पाण्यासाठी. सातपुड्याच्या पायथ्याशी जो बझाडा पट्टा आहे, म्हणजे डोंगरावरून वाहत आलेले गोटे, रेती आणि माती यांचा जो जाड, सच्छिद्र थर आहे, त्यात पाणी आपल्या वजनाने उतरते आणि केळीच्या बागांनी वर्षानुवर्षे उपसून रिकाम्या केलेल्या जागा भरते. तेथे दाब वाढतो तो पाण्याची पातळी जितकी वर येईल तेवढाच, म्हणजे पन्नास मीटरने वर आली तर अर्धा मेगापास्कल, आणि तोही वरच्या काही शेकडो मीटरांत.

याच हिशेबाचे छोटे रूप जळगावच्या महापालिका हद्दीतील पिंप्राळ्यात पाहता येते. तेथील नव्या वसाहतींत गच्चीवरचे पाणी पाइप आणि गाळणीतून बोअरमध्ये सोडले जाते, आणि तत्त्वतः हे भूगर्भात पाणी घालणेच आहे. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाकाठी सातशे मिलिमीटर पाऊस धरला तर फार तर सत्तर घनमीटर पाणी होते. बोअरमधील पाणी चाळीस मीटरवर असेल आणि पावसाळ्यात ती तोंडापर्यंत भरली, तरी तळाशी दाब ०.४ मेगापास्कलने वाढतो आणि मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण यांच्या थरांतून थोड्याच अंतरावर तो विरून जातो. बाझलच्या तोंडच्या दाबाशी ताडून पाहिले तर हा दाब सुमारे पाऊणशेव्या हिश्श्याइतकाच आहे, आणि भूकंप ज्या खोलीवर होतात त्या खोलीपर्यंत पोहोचण्याची वाट त्याला जवळजवळ नाहीच. अशा पुनर्भरणाला भूकंपाच्या भीतीने कोणी विरोध करू लागला तर तो शास्त्राचा गैरवापर होईल.

मुरवलेल्या पाण्याची जोखीम अल्प आहे, असा निष्कर्ष येथपर्यंत काढता येतो. पण ती शून्य आहे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. महाराष्ट्रातच भातसा जलाशयाजवळ १९८३ मध्ये खर्डी परिसरात ४.९ परिमाणापर्यंतचे धक्के बसले, तर पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची दीर्घ मालिका सुरू झाली, जिच्या कारणांत खोल झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याचा विचार शास्त्रज्ञांनी केला आहे. पाणी काढण्याचाही परिणाम होतो. स्पेनमधील लोर्का येथे मे २०११ मध्ये झालेल्या ५.१ परिमाणाच्या उथळ भूकंपाचा संबंध संशोधकांनी दशकानुदशकांच्या भूजल उपशाशी जोडला. तेथे पातळी सुमारे अडीचशे मीटर खाली गेली होती. खान्देशातील उपसा पाहता मुरवण्याची जोखीम तेवढी तपासायची आणि उपशाची विचारातही घ्यायची नाही, हे एकांगी होईल. याउलट सोनाटा पट्ट्याचे मोठे नैसर्गिक भूकंप बरेचसे फार खोलवरचे असतात. जबलपूरचा सुमारे पस्तीस किलोमीटरवरचा होता, आणि त्या खोलीवर पुनर्भरणाचा दाब माणसाच्या आयुष्याच्या मापात पोहोचत नाही. पाणी मुरवल्यानंतरच्या दशकात असा एखादा खोल भूकंप योगायोगाने झालाच, तर त्याचे खापर योजनेवर फोडले जाईल, आणि ते खोडून काढायला धक्क्याची अचूक खोली सांगणारी यंत्रे जवळपास असावी लागतील.

वेगळ्या तोलाने पाहावे लागेल ते भविष्यातल्या खोल कामांकडे. दख्खनच्या बेसॉल्टात कार्बन डायऑक्साइड साठवता येईल का, याची चाचपणी भारतीय संस्थांनी केली आहे, आणि भुसावळजवळचे दीपनगर औष्णिक वीज केंद्र ध्यानात घेता तापी खोऱ्याचे नाव त्या यादीत केव्हातरी येऊ शकते. आइसलँडमध्ये बेसॉल्टातच, हेलिशेइदी भूऔष्णिक केंद्राचे वापरलेले पाणी परत जमिनीत घालताना २०११ मध्ये सुमारे ४ परिमाणाचे धक्के बसले होते. धुळे-नंदुरबार भागात बेसॉल्टाला चिरत पूर्व-पश्चिम गेलेल्या डाइकांचे, म्हणजे उभ्या भिंतींसारख्या अग्निज शिलांचे, दाट जाळे आहे. एखादा डाइक पाणी अडवतो, तर त्याच्या कडेची भेग तेच पाणी खोल नेते. खडकात उभी भिंत लागली की पलीकडच्या विहिरीचा हिशेब बदलतो, हे येथील विहीर खोदणाऱ्यांना भूशास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे. दाबाने काही घालायचे झाले तर अशा प्रदेशात मॅकगारसारख्या एका सूत्रावर भागणार नाही. ताणाचे मोजमाप, डाइकांचे आणि भ्रंशांचे नकाशे आणि दाबाच्या प्रसाराचे गणित हे सर्व परवानगीच्या आधी लागेल.

जोखीम हा शब्दही नेमका वापरायला हवा. धोका म्हणजे जमीन हादरण्याची शक्यता. जोखीम म्हणजे त्या हादऱ्याने होणाऱ्या नुकसानीची शक्यता, आणि तीत हादऱ्याइतकाच हिस्सा तेथे किती माणसे, कशा घरांत राहतात याचा असतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा ६.२ परिमाणाचा भूकंप हजारो माणसांचा बळी घेऊन गेला, तो प्रामुख्याने दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्याने. खान्देशातील धाब्याच्या घरांचे मातीने लिंपलेले जड छत आणि मातीच्या भिंती या बाबतीत फारशा वेगळ्या नाहीत. बाझलचा ३.४ चा धक्का तेथे विम्याच्या दाव्यांवर निभावला; तसाच उथळ ४ चा धक्का एखाद्या जुन्या गावठाणाखाली बसला तर काय होईल, हे घरांची पाहणी केल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि ही पाहणी भूकंपमापकापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

कोयनेत जलाशय भरण्यापूर्वी तेथे भूकंपमापक नव्हता. सर्वांत जवळचे वेधस्थान शंभर किलोमीटरहून दूर पुण्यात होते. त्यामुळे तेथे पूर्वी लहान धक्के होतच होते की नव्हते, हा वाद वर्षानुवर्षे चालला आणि पूर्णपणे कधीच मिटला नाही. तापी खोऱ्यात मुख्य कालव्याचे पाणी येण्याआधी किमान दोन-तीन पावसाळे चोपडा ते रावेर या पट्ट्यात पाच-सहा भूकंपमापक चालू ठेवणे एवढी तरतूद योजनेच्या खर्चात नगण्य ठरेल. विहिरींच्या नोंदींचा प्रश्न त्याहून अवघड आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, आणि पाणीटंचाईचा अंदाज घ्यायला ते पुरते. पण दाबाची लाट आणि धक्क्यांची वेळ एकाच कागदावर मांडायची तर पातळी तासातासाला टिपणारी यंत्रे निदान काही खोल विहिरींत बसवावी लागतील, आणि त्यांचे आकडे जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठासारख्या संस्थेला व कोणाही अभ्यासकाला खुले असावे लागतील.